चार फुटी खाऱ्या टाकीसाठी टँग निवडताना

खाऱ्या पाण्याची टाकी लागून सहा-आठ महिने होतात, क्लाऊन माशांची जोडी रुळते, पाणी स्थिरावतं, आणि मग मन टँगकडे, म्हणजे सर्जन माशाकडे, ओढ घेतं. साहजिकच आहे. दिवसभर दगडांवर चरणारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत येरझारा घालणारा मासा टाकीत आला की टाकी जागी होते. मीही असाच हौसेने पहिला टँग आणला. पावडर ब्लू. आकाशी अंग, पिवळा पाठपर, काळं तोंड. अकराव्या दिवशी सकाळी तो दगडाच्या खाचेत आडवा पडलेला सापडला. त्या माशाचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याच्यासाठी माझी टाकी कधीच योग्य नव्हती आणि हे आणण्याआधी कळू शकलं असतं.

म्हणून हे सगळं लिहिते आहे. हे आपल्याकडच्या सर्वसाधारण घरगुती मरीन टाकीसाठी आहे: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने 250 लिटर भरतात. दगड-वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी 200 ते 210 लिटर. एवढ्या टाकीत टँग एकच. दोन नाहीत, आणि जोडी तर नाहीच.

आधी लांबी बघा, लिटर नंतर

टँग म्हणजे सर्जन मासा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नश्तरासारखा धारदार काटा असतो, त्यावरून हे नाव. कुळाचं शास्त्रीय नाव अकँथ्युरिडी; त्यातही ग्रीक भाषेतले काटा आणि शेपूट हेच दोन शब्द आहेत. या कुळात 80 हून जास्त जाती आहेत आणि बहुतेक साऱ्या खडकांवरून मैदानात फिरल्यासारख्या चरत फिरणाऱ्या. त्यांना लागते ती सलग पोहण्याची जागा. उंच, चौकोनी, शोभेच्या 300 लिटरच्या टाकीपेक्षा लांबट 250 लिटरची टाकी टँगसाठी बरी. तीन फुटांची टाकी असेल तर टँगचा विचार सोडा. फायरफिश, गोबी, छोटा ब्लेनी असे सुंदर मासे तिच्यात आयुष्यभर सुखाने राहतात.

लांबी आहे म्हणून सगळी दगडांनी भरून टाकू नका. मी मागच्या काचेला टेकलेली दगडांची भिंत मोडली आणि दोन वेगवेगळे ढिगारे केले, मध्ये वीतभर मोकळी वाट ठेवली. टँग त्या वाटेतून आठच्या आकड्यात फिरतो. शिवाय रात्री शिरून झोपायला प्रत्येक ढिगाऱ्यात एक खाच हवी. झोपताना हे मासे रंग फिका करून खाचेत अडकून बसतात; पहिल्या रात्री टॉर्च मारून पाहिलंत तर घाबरू नका.

दगडांचं निघालंच आहे तर एक महत्त्वाचं. परदेशी व्हिडिओंत टँगच्या टाकीत जिवंत पोवळी आणि समुद्रातून काढलेले दगड दिसतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारी पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे, सगळे समुद्रघोडे आहेत. दुकानात कोणी ‘चालतं हो’ म्हणालं तरी घेऊ नका. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापरा. पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यांच्यावरही तितकेच बसतात, फक्त महिना-दीड महिना जास्त थांबावं लागतं.

टाकी तयार झाली हे कशावरून ओळखायचं

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, एवढ्यावर क्लाऊन सोडता येतो. टँगसाठी ते पुरेसं नाही. त्याला चरायला काहीतरी हवं. दगडांवर तपकिरी-हिरवा थर धरला असेल, काच पुसल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा धुरकट होत असेल, तर टाकी त्याची वाट बघते आहे असं समजा. नव्या कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र दगडांच्या टाकीत टँग सोडणं म्हणजे गाईला फरशीवर चरायला सोडणं.

बाकीचे आकडे थोडक्यात: विशिष्ट गुरुत्व 1.026, म्हणजे हजारी 35 क्षार, तापमान 25 ते 26 अंश, पीएच 8.1 ते 8.4. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण, साध्या पाण्यावर नव्हे, 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. टँगला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारे पंप) समोरासमोर आणि ठीकठाक स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) हवाच. एप्रिल-मेमध्ये मुंबई-ठाण्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय पाणी 30 च्या वर जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. दिवे जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप टँगच्या आधी घ्या. तो खर्च सगळ्यात शेवटी केला जातो, तो सगळ्यात आधी करायला हवा.

आता मासा: कोणते नकोत

दुकानात टँग दिसतो तो सात-आठ सेंटिमीटरचा. विचार त्याच्या पूर्ण वाढीचा करायचा.

ब्लू टँग, म्हणजे कार्टूनमुळे घराघरातल्या मुलांना ओळखीचा झालेला निळा मासा, फूटभर वाढतो आणि घाबरट असल्यामुळे सुसाट पळतो. नासो दीड फुटाकडे जातो. सेलफिनचं पिल्लू इतकं देखणं असतं की हात आवरत नाही, पण तेही 40 सेंटिमीटरचं होतं. सोहाल तितकाच मोठा आणि वर भांडखोर. कन्व्हिक्ट टँग, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, स्वस्त मिळतो म्हणून नवखे घेतात. समुद्रात तो मोठ्या कळपाने फिरणारा मासा आहे, चार फुटांत एकटा तो सतत काचेवर धडका देतो.

आणि पावडर ब्लू. हा आपल्याच समुद्रातला, लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका, अंदमानच्या खडकांवरचा. कदाचित म्हणूनच तो आपल्याकडे दुकानांत वारंवार दिसतो आणि वारंवार मरतो. उथळ, लाटांच्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला हा मासा ताण आला की पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला सर्वांत आधी बळी पडतो. माझ्या त्या माशाच्या अंगावर चौथ्या दिवशी मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके दिसले. सातव्या दिवशी तो वेव्हमेकरच्या प्रवाहात तोंड उघडं ठेवून उभा राहायला लागला. कल्ल्यांत परजीवी गेला की श्वास पुरत नाही, म्हणून मासा प्रवाह शोधतो. त्या वेळी मला वाटलं, त्याला प्रवाह आवडतोय.

आणि कोणते हवेत

माझं उत्तर स्पष्ट आहे: टेनोकीटस, म्हणजे ब्रिसलटूथ गटातला टँग. यांचे दात कंगव्याच्या दातांसारखे बारीक, लवचीक असतात. ते शेवाळ तोडत नाहीत, दगडावरचा थर खरवडून घेतात: डायटम नावाचं सूक्ष्म तपकिरी शेवाळ, इतर बारीक शेवाळ, त्यात अडकलेला गाळ. काचेवर थर धरला असेल तर हा मासा ओठ टेकवून टेकवून पुढे सरकतो आणि मागे ओठांच्या ठशांची रांग उरते. सकाळी दिवा लागण्याआधी, तिरप्या उजेडात ते ठसे बघायला मला फार आवडतं. मासा रात्रीतून बरा आहे की नाही हेही त्यावरून कळतं.

या गटातले तीन मासे आपल्या कामाचे.

टोमिनी हा सगळ्यांत लहान, पूर्ण वाढीत साधारण 15 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या टोमिनी आखातावरून त्याचं नाव पडलं. तपकिरी अंग, वरच्या-खालच्या परांच्या टोकांना नारिंगी-पिवळी झाक, फिकट शेपूट. दुकानाच्या निळ्या दिव्यात तो मळकट दिसतो, म्हणून मागे पडतो. घरी रुळला की त्या नारिंगी कडा पेटल्यासारख्या दिसतात. चार फुटी टाकीसाठी माझी पहिली पसंती हाच.

कोले हा हवाईचा, डोळ्याभोवती पिवळं कडं, अंगावर बारीक आडव्या रेघा, 18 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. 2021 च्या सुरुवातीला न्यायालयाच्या निकालानंतर हवाईतली मत्स्यालयांसाठीची व्यापारी पकड थांबली, तेव्हापासून खरा हवाईचा कोले दुर्मीळ आणि महाग आहे. ‘कोले’ म्हणून दाखवला जाणारा मासा पुष्कळदा त्याचा हिंदी महासागरातला भाऊ ट्रंकाटस असतो. अंगावर रेघांऐवजी असंख्य बारीक ठिपके असतील तर तो ट्रंकाटस. तोही तितकाच चांगला, फक्त कोलेची किंमत देऊ नका.

यलो टँगचं काय, हा प्रश्न येणारच. तो 20 सेंटिमीटरचा होतो. चार फुटांत एकटा राहतो, पण काठावर पास. मोठा झाल्यावर तो नव्या माशाला टाकीत टिकू देत नाही. घ्यायचाच असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेला घ्या. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने 2015 साली यलो टँगची पिल्लं पहिल्यांदा वाढवून दाखवली, आणि आता अशी पिल्लं व्यापारातही येतात. किंमत ऐकून धस्स होतं, पण ती पिल्लं पेलेट (दाणेदार खाद्य) खायला आणि काचेत राहायला जन्मापासून शिकलेली असतात. हवाईत यलो टँगच्या कानातल्या खड्याची वर्तुळं मोजून 40 वर्षांचे मासेही सापडले आहेत. मासा विकत घेताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

इथे एक फसगत सांगते. दुकानात ‘छोटा यलो’ म्हणून दाखवलेला मासा तीन वेगळ्या जातींचा असू शकतो. चोचीसारखं पुढे आलेलं टोकदार तोंड, उंच पर आणि शेपटीजवळ पांढरा काटा असेल तर खरा यलो. तोंड आखूड, ओठ जाड असतील तर ट्रंकाटसचं पिल्लू. ते लहानपणी पिवळंधमक असतं आणि मोठेपणी तपकिरी होतं. आणि शेपटीची कड गोलाकार असेल तर तो मिमिक टँग, जो लहानपणी लेमनपील एंजल या दुसऱ्याच माशाचं सोंग घेतो आणि पुढे पाऊण फुटाच्या वर जाऊन रंगही बदलतो. पहिले दोन चालतील. तिसरा नको.

दुकानात उभं राहून

आपण बाजारात पापलेट घेताना कल्ला उघडून बघतो, पोट दाबून बघतो. जिवंत मासा घेताना मात्र रंग बघून पाकिटाला हात घालतो. टँगच्या बाबतीत हे अजिबात करू नका. टाकीसमोर किमान वीस मिनिटं उभं राहा.

पहिलं पोट बघा. समोरून पाहिल्यावर पोटाच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या दिसल्या, तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे. थोडं आत असेल तर भरून येतं. पण डोळ्यांच्या वर, पाठीचं मांस बसलेलं असेल आणि पाठ सुरीसारखी दिसत असेल, तर तो मासा वाचवायच्या मोहात पडू नका. चरणाऱ्या माशांच्या आतड्यात त्यांच्या पचनाला हातभार लावणारे सूक्ष्मजीव असतात; काही सर्जन माशांत तर नुसत्या डोळ्यांना टिंबासारखा दिसेल एवढा मोठा जिवाणू सापडला आहे. लांबलेल्या उपासात ही सगळी वस्ती उजाड होते आणि मग मासा खाऊनही खंगत जातो.

दुसरं, श्वास. कल्ल्यांची उघडझाप मोजा. शेजारच्या माशांपेक्षा दुप्पट वेगाने चालली असेल तर थांबा. अंग दगडावर घासणं, डोकं झटकणं, एकाच प्रवाहात उभं राहणं, ही तीच चिन्हं जी मी ओळखली नाहीत. यलोवर काळे ठिपके असतील तर तो एका चपट्या कृमीचा त्रास. तो औषधाने जातो, पण ती लढाई पहिल्याच टँगवर नको.

तिसरं आणि सर्वांत मोलाचं: खायला घालायला सांगा. ‘भाऊ, याला काय देता? माझ्यासमोर थोडं घाला ना’ एवढं म्हटलं की पुरे. चांगला दुकानदार हसत घालतो. एकाने मला उत्तर दिलं होतं, ‘मॅडम, आत्ताच खाल्लंय, आता नाही खाणार.’ टँग आत्ता खाल्लं म्हणून खायचा थांबत नाही. तो दिवसभर खातो. मी तेव्हा मासा घेतला, आणि तो तोच पावडर ब्लू होता.

आवडला तरी त्याच दिवशी आणू नका. तो मासा दुकानात आलेला दिवस विचारा, थोडी रक्कम देऊन आठवडाभर तिथेच राहू द्या. या काळात दुसऱ्या कोणी नेला तर नेला. आठवड्याने गेल्यावर तो खात असेल, पोट भरलेलं असेल, तर निम्मी जोखीम संपली.

पकडताना जाळी नको म्हणून सांगा. शेपटीचा काटा जाळीत अडकतो, मासा तडफडतो, काटा मोडतो. प्लॅस्टिकच्या डब्यात हुसकावून घ्यायचा. काट्याचा ओरखडा माणसाच्या बोटालाही चांगला खोल जातो. लागलाच तर हाताला सोसेल तितक्या गरम पाण्यात बोट धरून ठेवा, नीट धुवा, आणि सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा.

आधी वेगळी टाकी

क्वारंटाइन, म्हणजे नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवणं, टाळला तर बाकी सगळी निवड वाया जाऊ शकते. दोन फुटी साधी काच, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे जाड तुकडे. वाळू नाही, दगड नाही. ते औषध शोषून घेतात. स्पंज महिनाभर आधीच मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टर टाकीत) टाकून ठेवा म्हणजे त्यात जिवाणू बसलेले असतात. तरी इथे अमोनिया पटकन चढतो, म्हणून रोज तपासणी आणि तयार खारं पाणी हाताशी.

पहिले तीन-चार दिवस नुसतं खायला घाला. नीट खायला लागला की ठिपक्यांच्या रोगावरचं तांब्याचं औषध. बाटलीवर दिलेलं प्रमाण पाळा, कारण तांब्याच्या वेगवेगळ्या औषधांची पातळी वेगवेगळी असते, आणि त्याच प्रकाराला चालणारा टेस्ट किट घ्या. पातळी एकदम नाही, तीन-चार दिवसांत हळूहळू चढवा आणि मग सलग 30 दिवस तीच टिकवा. मध्ये एक दिवस खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ठिपक्यांचा परजीवी माशावरून गळून तळाला कोषात बसतो आणि पुन्हा बाहेर येतो. औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेतच त्याला गाठतं. म्हणूनच ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं. मुख्य टाकीत तांबं कधीच घालू नका. कोळंबी, गोगलगायी, सारं मरतं. आणि रोग मुख्य टाकीत शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी 76 दिवस माशांविना ठेवावी लागते. मी तसे अडीच महिने रिकामी टाकी बघत काढले आहेत.

जाळी, बादली, नळी दोन्ही टाक्यांची वेगळी. ओला हातसुद्धा पुसून मगच दुसरीकडे.

खाणं आणि पहिला महिना

ब्रिसलटूथ सुरुवातीला नोरीकडे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पत्र्याकडे) ढुंकूनही बघत नाही, कारण त्याच्या लेखी खाणं दगडावर असतं, काचेला लावलेल्या क्लिपमध्ये नाही. माझा उपाय: खिडकीत खाऱ्या पाण्याची बादली, त्यात चार-पाच लहान सपाट सिरॅमिक तुकडे, वर छोटा एअर स्टोन. आपल्या उन्हात पंधरा-वीस दिवसांत त्यांच्यावर मऊ हिरवा थर धरतो. रोज एक तुकडा क्वारंटाइनमध्ये ठेवायचा, साफ झाला की परत बादलीत. नंतर त्याच तुकड्याला रबरबँडने नोरी बांधायची. माझा टोमिनी पाचव्या दिवशी नोरीला लागला.

नोरी सुशीसाठी मिळते ती चालते, फक्त मीठ-तेल-मसाला न लावलेली. दिवसातून दोनदा, तळव्याच्या निम्म्या आकाराचा तुकडा. जोडीला शेवाळाचे पेलेट आणि दोन-तीन दिवसांनी थोडं मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य). पालक-काकडी घरात असते म्हणून आपण तीच देतो. कधीतरी ठीक आहे, पण त्यावर टँग पोसला जात नाही. पाणी गाळायला कार्बन वापरत असाल तर भुकटी पूर्ण निघेपर्यंत धुवून घ्या. त्या भुकटीने डोक्याची कातडी झिजण्याचा आजार होतो.

टाकीतले बाकीचे मासे आधी, टँग शेवटी. तो जागेवर हक्क सांगतो, त्यामुळे आधी आलेला टँग नंतरच्यांना छळतो. सोडायच्या दिवशी दोन-चार दगड हलवा म्हणजे जुन्यांच्याही हद्दी पुसल्या जातात, दिवे बंद ठेवा, आणि पहिले दोन दिवस कोणी मागे लागलाच तर बाहेरून काचेला आरसा टेकवा. भांडखोर आरशातल्या स्वतःशी भांडत बसतो, नवख्याला श्वास घ्यायला सवड मिळते.

महिन्यातून एकदा त्याला वरून बघा. समोरून सगळेच टँग पातळ दिसतात. वरून पाहिल्यावर डोक्यामागची पाठ गोलसर भरलेली हवी. गणपतीला गावी जायचं असेल तर नोरीचे दिवसागणिक तुकडे कापून, वेगवेगळ्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून शेजारच्या काकूंकडे देऊन ठेवा. भरभरून मासे पोसायची काकूंची माया मोठी असते, म्हणून डबा नाही, पुड्याच द्या.